अर्ध्यांना वेड लावणारा, अर्ध्यांना कंटाळा आणणारा गेम घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला राहता, नोकरी बीकेसीत. दिवाळीच्या बोनसमधून प्लेस्टेशन ५ घेतलात, मित्राच्या सांगण्यावरून 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणलात आणि चार तासांतच कंटाळलात. आता दुसरा गेम घ्यायचाय. पण गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक ॲक्शन गेमबद्दल निम्मे लोक 'असा गेम पुन्हा होणे नाही' म्हणतात, आणि निम्मे 'नुसतं चाला आणि सिनेमा बघा' म्हणून नाकं मुरडतात. मग खरं कोणाचं? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मला कंटाळा आला म्हणजे मला गेम कळत नाहीत का?"

त्या शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसले. तुम्हाला गेम कळतात. कंटाळा ही माहिती आहे, आणि माझं पोटच त्या माहितीवर चालतं. गेली बारा वर्षं मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत प्लेटेस्टिंग करते. अर्धवट तयार झालेला गेम अनोळखी माणसाला खेळायला द्यायचा, शेजारच्या खोलीत बसून त्याचा चेहरा, हात आणि स्क्रीन अशी तीन चित्रं एकदम बघायची, आणि कुठे काय बिनसलं ते लिहून द्यायचं. त्याआधी कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडला मामाच्या दुकानात बसायचे. तिथे जुन्या डिस्क बदलून मिळायच्या.

दुकानात एक गोष्ट लवकर लक्षात आली. दोन दिवसांत डिस्क परत आणणारा आणि महिन्याने आणणारा, दोघंही काउंटरवर "बोअर आहे" एवढंच म्हणायचे. पण जरा बोलतं केलं की दोन दिवसांवाला सुरुवातीबद्दल बोलायचा, 'काही करायलाच देत नाही'. महिन्यावाला शेवटाबद्दल बोलायचा, 'त्या माणसाचं असं करायला नको होतं'. शब्द एकच, तक्रारी दोन, आणि दुसऱ्या माणसाला तर गेम मनापासून आवडलेला असायचा, म्हणूनच तो चिडलेला असायचा. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: 'बोअर' म्हणणारा माणूस नेमका कशाबद्दल बोलतोय, आणि ती गोष्ट तुम्हालाही बोचणार आहे का?

सोपा भाग आधी उरकते. ऑनलाइन दिसणारं संमिश्र मत पुष्कळदा गोष्टीबद्दल नसतंच. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला, तेव्हा स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, नकारात्मक मतांचा पाऊस पडला. गोष्ट तीच होती, २०१३ पासून लोकांनी डोक्यावर घेतलेली. बिघडलं होतं ते पीसीवरचं रूपांतर. सुरुवातीला शेडर, म्हणजे पडद्यावरचे प्रकाश-रंग रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्यातच फार वेळ जायचा आणि गेम मध्येच बंद पडायचा. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीवर आला, तेव्हा राग होता तो एकट्याने खेळायच्या गेमला प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं केल्याचा. जानेवारी २०२५ मध्ये सोनीने ती सक्ती उठवत असल्याचं जाहीर केलं. तुम्ही कन्सोलवर खेळता, या दोन्ही भांडणांशी तुमचं काही देणंघेणं नाही.

'मिक्स्ड' या शब्दानेही घोटाळा होतो. स्टीमवर मत म्हणजे अंगठा वर किंवा खाली, मधलं काही नाही. वर गेलेले अंगठे ४० ते ६९ टक्के असले की तिथे 'मिक्स्ड' लागतं. वाचणाऱ्याला वाटतं, गेम ठीकठाक असेल. प्रत्यक्षात तो कोणालाच ठीकठाक वाटला नसेल. निम्मे प्रेमात पडलेले आणि निम्मे संतापलेले असले तरी पाटी तीच लागते. अशा गेमकडे मी उलट जास्त लक्ष देते.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चं उदाहरण तुम्हीच दिलंय. १९ जून २०२० ला तो आला. मेटाक्रिटिक या गुण एकत्र करणाऱ्या साइटवर समीक्षकांची सरासरी ९३, आणि सामान्य खेळणाऱ्यांचे गुण काही तासांत रसातळाला. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी शून्य देणाऱ्यांनी तो संपवलेला असणं शक्यच नव्हतं. एप्रिलमध्ये गोष्ट फुटली होती, राग तिच्यावर होता. जुलैमध्ये मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर ३६ तास खेळणाऱ्यांची मतं घ्यायची नाहीत. पण म्हणून त्या गेमवरचा सगळा राग खोटा ठरवणं मला मान्य नाही. गोष्ट न फोडता सांगते, अर्ध्यावर हा गेम दृष्टिकोन बदलतो आणि जिथे तुमचं मन जायला तयार नाही तिथे तुमचे हात नेतो. पूर्ण खेळून, विचार करून, तरी चिडलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांच्या रागाला वजन आहे.

आता मूळ मुद्दा. प्लेटेस्टला मी चेहऱ्यापेक्षा हात जास्त बघते. माणूस चेहऱ्याने सभ्यपणा करतो, हातांना ते जमत नाही. खेळ थांबून सिनेमासारखा प्रसंग सुरू झाला की कंट्रोलर कुठे जातो ते बघायचं. काहींचे अंगठे स्टिकवरच राहतात, उगाच फिरत राहतात. काही जण कंट्रोलर मांडीवर टेकवतात, खांदे सैल सोडतात. काही जण तो टेबलावर ठेवून फोन उचलतात. आणि सगळ्यात बोलकं असतं ते परत येणं. प्रसंग संपतो, खेळ पुन्हा हातात येतो, पण पडद्यावरचा नायक नुसता उभा राहून श्वास घेतोय. दोन सेकंद, तीन सेकंद, चार. म्हणजे खेळणाऱ्याला कळलेलंच नाही की आता त्याची पाळी आहे.

घाटकोपरहून आलेला एक मुलगा आठवतो. प्रसंग सुरू होताच त्याने कंट्रोलर टेबलावर पालथा ठेवला. खेळ परत आला तेव्हा समोरून बाण सुटलेला. कंट्रोलर उचलेपर्यंत नायिका मेली. फॉर्मवर त्याने लिहिलं, 'कंट्रोल्स स्लो आहेत'. त्याच आठवड्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, मुलाच्या आग्रहाखातर, आयुष्यात पहिल्यांदा खेळत होत्या. त्यांनी चार मिनिटांच्या प्रसंगात एकदाही पकड सैल केली नाही, पूजेचं ताम्हन दोन्ही हातांनी धरावं तसा कंट्रोलर धरून बसल्या. त्यांनी लिहिलं, 'गोष्ट आवडली, पण दमले'. दोघांचीही तक्रार एकाच जागेची आहे, जिथे गोष्ट आणि खेळ यांचा सांधा आहे तिथली. पण त्यांच्या शब्दांवरून ते कधीच कळलं नसतं.

गेम बनवणाऱ्यांमध्ये या सांध्याच्या दुखण्याला एक जडजंबाल नाव आहे, लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. क्लिंट हॉकिंग या डिझायनरने २००७ मध्ये 'बायोशॉक' या गेमबद्दल लिहिताना ते वापरलं. मी आपलं साधं म्हणते: हाताची गोष्ट आणि तोंडाची गोष्ट. पात्रं बोलतात ती तोंडाची. तुम्ही तासन्‌तास जे करता ती हाताची. 'अनचार्टेड' गेमचा नायक नेथन ड्रेक तोंडाने मिश्कील, प्रेमळ, हवाहवासा माणूस आहे आणि हाताने शेकडो माणसं मारतो. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. २०१६ च्या 'अनचार्टेड ४'मध्ये एक हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला त्यांनी हेच जडजंबाल नाव दिलंय. कोणाला ही विसंगती दिसतच नाही, कोणाला दिसली की पुढे काहीच खरं वाटत नाही. दोघंही तोच गेम खेळलेले असतात.

या कसोटीवर तुमचा 'रेड डेड २' ठेवून बघू. काळ १८९९ चा, दरोडेखोरांचे दिवस भरत आलेत, टोळी पळते आहे. ही तोंडाची गोष्ट. हाताची गोष्ट काय, तर सगळं संथ. खण उघडला की नायक आर्थर त्यातली एकेक वस्तू हाताने उचलणार. घोड्याला खरारा करायचा, बंदुकीला तेल द्यायचं, शिकारीचं कातडं सोलायचं आणि ते होईपर्यंत बघत उभं राहायचं. थकलेल्या, जड अंगाच्या माणसाच्या आयुष्याला हे शोभतं. हात आणि तोंड एकच बोलतात, म्हणून ज्यांना तो आवडतो त्यांना तो कायमचा आवडतो. पण पहिला सगळा अध्याय बर्फात, पाय ओढत, अरुंद वाटेवरून. नमनाला घडाभर तेल. खुलं जग हातात येतं ते दुसऱ्या अध्यायात, हॉर्सशू ओव्हरलुकच्या तळावर. तुम्ही चार तासांत सोडलात, म्हणजे ते तेल सगळं ओतून झालं होतं आणि आख्यान नुकतं सुरू होत होतं.

त्यात एक खरा दोषही आहे, आणि तो मलाही खटकतो. मिशनच्या बाहेर हा गेम तुम्हाला वाटेल तिथे जाऊ देतो. मिशन सुरू झालं की बोट धरून चालवतो. जरा बाजूने वळसा घालून शत्रूला गाठावं म्हटलं तर 'मिशन फेल'. म्हणून या गेमवरची मतं वाचताना एवढंच बघा, लिहिणारा मिशनबद्दल बोलतोय की मधल्या वेळेबद्दल. स्तुती करणारे बहुतेक वेळा मधल्या वेळेबद्दल सांगतात: पहाटेचं धुकं, वाटेत भेटलेला अनोळखी माणूस, तळावरच्या शेकोटीभोवतीच्या गप्पा. नावं ठेवणारे मिशनबद्दल सांगतात. दोघांचंही खरं आहे.

तुम्ही रात्री साडेदहाला, मुलगी झोपल्यावर, पाऊण तास खेळता असं लिहिलंय. पाऊण तासात 'रेड डेड'मध्ये तळावर कॉफी पिऊन होते, घोडा पळवून होतो आणि एखादं मिशन होतं. तो शनिवारी दुपारी जेवून निवांत बसायचा गेम आहे.

याच्या उलट २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' घ्या. सुरुवातीलाच बाप आणि मुलगा हरणाच्या शिकारीला निघतात. मुलगा घाईने बाण सोडतो, बाप खेकसतो. शेवटी शिकार होते, मुलगा हादरलेला असतो. बापाचा हात त्याच्या खांद्यापर्यंत जातो आणि तसाच मागे येतो. एक शब्द बोलला जात नाही. पुढचे वीसेक तास त्या हाताचीच गोष्ट आहे. आणि खेळात काय आहे? चौकोनाचं बटण दाबलं की मुलगा बाण मारतो. लढाईच्या गर्दीत तुमचा अंगठा त्या बटणावर विसंबायला लागतो, आपोआप, न ठरवता. बाप मुलावर विसंबायला लागतो ते तुम्हाला कोणी सांगत नाही, तुमच्या अंगठ्याला कळतं. फेकलेली कुऱ्हाड त्रिकोणाच्या बटणाने परत बोलावली की ती तळहातात आदळते आणि कंट्रोलर थरथरतो. आमच्याकडे नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना एवढंच करायला लावते, पाच मिनिटं कुऱ्हाड फेका आणि बोलवा, मग वजन म्हणजे काय ते बोलू. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही तुटत नाही, त्यामुळे हात सुटायची जागाही कमी. याच्यावरच्या तक्रारीही वाजवी आहेत. मोठे शत्रू तेच तेच येतात, एक राक्षस मारला की त्याचा रंग बदललेला भाऊ हजर. पुढच्या भागात, 'रॅग्नरॉक'मध्ये, तुम्ही कोडं नीट बघायच्या आत सोबतचे लोक उत्तर सांगून मोकळे होतात, आणि मधला आयर्नवुडचा भाग पुष्कळांना फार रेंगाळलेला वाटला. मलाही वाटला.

आणि 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस', २०१७ चा. नायिकेला आवाज ऐकू येतात, मनाच्या आजाराचे. ते आवाज असे ध्वनिमुद्रित केलेत की हेडफोन लावले की कानामागून, डोक्याच्या आतून आल्यासारखे वाटतात. ते तिला हिणवतात, घाबरवतात. पण लढाईत मागून वार येत असला की तेच आवाज ओरडतात, मागे बघ. म्हणजे जे छळतात त्यांचाच आधार घ्यावा लागतो. तुमचे हात ते ऐकायला शिकतात. गोष्ट आणि खेळ यांचा इतका घट्ट सांधा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. २०२४ मध्ये आलेला दुसरा भाग दिसायला त्याहून देखणा आहे, पण लढाई एकास एक आणि बरीच साधी झाली. त्यावर मतं फाटली यात मला नवल वाटलं नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण 'लांबलंय' ही तक्रार वाचायला मी त्यातून शिकले. आमच्या एका गेममध्ये किल्ल्याच्या दरवाजावरची मोठी लढाई संपली की लगेच चार मिनिटांचा प्रसंग होता. नायिकेला कळतं की तिच्या भावानेच दरवाजा आतून उघडून दिला. लिहिलेलं उत्तम, आवाज देणारेही उत्तम. चाचणीला आलेल्या बहुतेकांनी लिहिलं, प्रसंग लांबलाय. मी अहवालात तेच पुढे केलं, कापा. लेखकाचा जीव तुटला, पण त्याने चार मिनिटांची दोन केली. पुढच्या फेरीतही तीच तक्रार, आणि वर 'भाऊ असं का वागला ते कळलं नाही' ही नवीन.

सल्ला माझा होता आणि तो चुकला होता. मग मी मागची रेकॉर्डिंग काढून दोन दिवस फक्त हात बघत बसले. लढाई इतकी अटीतटीची होती की शेवटचा शत्रू पडल्यावर प्रत्येकाला काही ना काही उरकायचं असायचं. कोणी पँटला तळवे पुसत होतं, कोणी पडलेल्या बाणांकडे धावत होतं, कोणी किती जीव उरलाय ते बघायला मेनू उघडत होतं. आणि नेमका त्याच क्षणी गेम सगळं हातातून काढून घेऊन म्हणायचा, आता ऐका. आम्ही मूळ चार मिनिटांचा प्रसंग जसाच्या तसा परत आणला आणि त्याच्या आधी अंगण ओलांडायची अर्ध्या मिनिटाची वाट टाकली. बाण उचला, विहिरीवर हात धुवा, जिना चढा, वर भाऊ उभा. 'लांबलाय' ही तक्रार जवळजवळ नाहीशी झाली. दुखतंय हे खेळणारा नेहमी खरं सांगतो. कुठे दुखतंय ते त्याला सांगता येईलच असं नाही.

तेव्हा कोणाचंही मत वाचताना विशेषणं सोडून द्या आणि क्रियापदं शोधा. 'मास्टरपीस', 'ओव्हररेटेड' यांतून हाती काही लागत नाही. 'तीन वेळा त्याच शिडीवरून खाली यावं लागलं' यातून लागतं. नापसंतीच्या मतात एखादी स्तुती सापडली तर ती सोन्यासारखी जपा, ती कोणी उगाच करत नाही. किती तास खेळून लिहिलंय तेही बघा. स्टीमवर ते प्रत्येक मतासोबत दिसतं. गेम तुम्ही प्लेस्टेशनसाठी घेणार असलात तरी वाचायला स्टीमवर जायला काय हरकत आहे?

काही गोष्टी मात्र निव्वळ परिस्थितीवर अवलंबून असतात, आणि याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. पहिली, इंग्रजीचा उच्चार. मी स्वतः मराठी माध्यमातली. टेक्सासकडचा किंवा स्कॉटलंडचा हेल, वर डोक्यावर फिरणारा पंखा, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि घरात कोणी झोपलेलं म्हणून आवाज कमी. अशात अर्धे संवाद निसटतात, आणि मग माणूस प्रामाणिकपणे लिहितो की गोष्टीत दम नाही. 'रेड डेड'मध्ये तर बरीचशी गोष्ट घोड्यावर बसून सांगितली जाते. एका डोळ्याने रस्ता सांभाळायचा आणि दुसऱ्याने सबटायटल वाचायचं. यावर उपाय आहे. सोबत्यांबरोबर जाताना धावायचं बटण दाबून धरलं की घोडा त्यांचा वेग पकडतो, तेवढंच डोळे मोकळे होतात. सबटायटलचा आकार पहिल्या दहा मिनिटांत सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये अक्षर फार बारीक असल्याची ओरड झाली होती, मग अपडेटमधून ते मोठं करायची सोय दिली गेली. साधा तारेचा इयरफोन थेट कंट्रोलरला लागतो, त्याने फार फरक पडतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही कशासाठी येता. संगीत नाटकांच्या दिवसांत बालगंधर्वांच्या पदाला वन्स मोअर मिळाला की कथानक जागच्या जागी थांबायचं. गाण्यासाठी आलेल्याला त्या थांबण्यातच नाटक सापडायचं, आणि पुढे काय होतं यासाठी आलेला चुळबुळत बसायचा. तुम्ही आजवर क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यतींचे गेम खेळत आलात, म्हणजे तुमच्या हातांना सतत काम असायची सवय आहे. ती सवय दोन-तीन गेममध्ये सैल होते. नाही झाली तरी काही बिघडत नाही.

तिसरी, जे आपल्या घरचं आहे ते आपल्याला वेगळं दिसतं. २०१७ चा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' भारतात घडतो. गणपतीच्या सुळ्याचा शोध, होयसळांची नगरं, आणि पश्चिम घाटात जीप घेऊन मोकळं हिंडायचा एक मोठा अध्याय. बेलूर-हळेबीडूला जाऊन आलेल्या माणसाला गेममधले डोंगर आणि प्रचंड मूर्ती खटकणार. पण परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात तुटल्याची कथा नायिका क्लोई सांगायला लागते तेव्हा अंगावर काटा येतो, कारण ती आपण लहानपणापासून ऐकलेली असते. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. चित्रं, वास्तू, रंग, डोळ्यांचं पारणं फिटतं. लढाई अडखळते, आणि शेवट इतका अचानक येतो की आपण पुढच्या भागाची वाट बघत बसतो. मी तो दोनदा खेळले, अभिमानाने, आणि हे दोष दोन्ही वेळा दिसले.

आतापर्यंतचं एका दमात: गुणांचा आकडा पीसीच्या किंवा खात्याच्या भांडणाने पडलाय का ते बघा, मतांमध्ये हाताचं काम शोधा, आणि तुमचा पाऊण तास, तुमचा आवाज, तुमचा उच्चार यांत तो गेम बसतो का ते बघा.

तुमच्यापुरतं विचाराल तर मी २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' आधी घ्या म्हणेन. नव्या गेमला पाच हजारांच्या घरात मोजावे लागतात, हा जुन्या डिस्कमध्ये त्याच्या बऱ्याच खाली मिळतो. मात्र तुमचा प्लेस्टेशन डिस्कवाला आहे ना, ते बघून घ्या, डिजिटल एडिशन असेल तर डिस्क घेऊन उपयोग नाही. सुरुवातीला 'गिव्ह मी अ बॅलन्स्ड एक्स्पिरियन्स' ही पातळी निवडा. फार जड गेली तर मध्येच 'गिव्ह मी अ स्टोरी'वर उतरता येतं. सगळ्यात अवघड पातळी निवडलीत तर मात्र मागे फिरता येत नाही. तो जमला नाही तर 'लॉस्ट लेगसी', सात-आठ तासांत संपतो. प्लेस्टेशन ५ वर तो 'अनचार्टेड ४'सोबत एकाच 'लेगसी ऑफ थीव्हज कलेक्शन'मध्ये येतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आत्ता घेऊ नका. तो पहिल्या भागाच्या जिव्हाळ्यावर उभा आहे, पहिला भाग न खेळता गेलात तर राग आणि दुःख दोन्ही उसने वाटतील.

रात्री उठताना प्लेस्टेशन पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये टाकलंत तर गेम दुसऱ्या दिवशी त्याच पावलावर उघडतो. पण तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा आधी सेव्ह करायला विसरू नका.

आणि 'रेड डेड'ची सेव्ह पुसू नका. एखाद्या शनिवारी, घरचे लग्नाबिग्नाला गेले असताना, दुसऱ्या अध्यायात तळावर जा आणि मिशनचं एकही चिन्ह न धरता नुसते घोड्यावरून निघा. तासाभराने कंट्रोलर कुठे आहे ते बघा, हातात की सोफ्यावर, आणि मला इथेच कळवा. नेमका कुठे खाली ठेवलात तेही लिहा, मग पुढचा गेम जास्त नेमका सांगता येईल.